पोटातल्या बाळाची किडनी खाली दिसते, म्हणजे नेमकं काय झालंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी नेहमीच्या जागी दिसली नाही, ती ओटीपोटात, लघवीच्या पिशवीजवळ सापडली. उजवी जागेवर आहे, पण तिच्यात 5 मिमी पाणी आहे असं रिपोर्टात लिहिलंय. पिशवी भरते-रिकामी होते, गर्भजल पुरेसं आहे, मणका आणि हृदय ठीक आहे. घरात मात्र बोलणं सुरू झालंय की चौथ्या महिन्यात ग्रहण होतं आणि त्या दिवशी तुम्ही विळीवर भाजी चिरलीत. तुम्ही विचारताय : हे माझ्यामुळे झालं का? घसरलेली किडनी जन्मानंतर ऑपरेशन करून वर बसवता येते का? आणि बाळाचं पुढे कसं होणार?

मी लहान मुलांची सर्जन आहे, आणि माझं बरंचसं काम मूत्रमार्गाचंच. असे रिपोर्ट हातात घेऊन आलेली जोडपी ओपीडीत नेहमी भेटतात. त्यांचे प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं, की किडनी आधी वर होती आणि कशाने तरी खाली घसरली. प्रत्यक्षात उलट आहे. तुमची, माझी, सगळ्यांचीच किडनी खाली ओटीपोटात तयार झाली आणि नंतर वर गेली. तुमच्या बाळाची उजवी वर गेली, डावी गेली नाही. ती घसरलेली नाही, निघालेलीच नाही. हे एकदा नीट बसलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात, म्हणून आधी किडनी कशी घडते ते सांगते. तुमच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे बाळाबद्दल जे लिहीन ते रिपोर्ट बरोबर आहे असं धरून.

एक हिशेब आधी. तुमच्या फाइलवरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजलेले असतात. गर्भाच्या वाढीचे आठवडे प्रत्यक्ष गर्भधारणेपासून मोजतात, आणि दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. खाली किडनीची घडण सांगताना मी गर्भाचं वय सांगते आहे. फाइलशी ताडून पाहायचं असेल तर त्यात दोन मिळवा. औषधं आणि सोनोग्राफीबद्दलचे आठवडे मात्र फाइलवरचेच.

चौथ्या आठवड्यात गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. त्याच्या पाठीकडच्या बाजूला, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना, पेशींची एकेक लांबट पट्टी असते. किडनी याच पट्टीतून होते, आणि एकदा नव्हे तर तीनदा होते. पहिली मानेच्या पातळीवर उगवते, कामाला न लागताच काही दिवसांत विरून जाते. दुसरी तिच्या खाली, छाती आणि कमरेच्या भागात. ही काही आठवडे थोडंफार कामही करते. मासे आणि बेडूक मोठेपणीही याच धर्तीच्या किडनीवर भागवतात. आपल्यात तीही मावळते. पाचव्या आठवड्यात सगळ्यात खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पातळीवर, तिसरी सुरू होते. ती आपली कायमची.

पहिल्या दोन वाया गेल्या असं मात्र समजू नका. दुसऱ्या किडनीची एक नलिका असते, वोल्फ नलिका. कास्पर फ्रीडरिश वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याचा गर्भवाढीवरचा प्रबंध 1759 चा, कोंबडीच्या अंड्यातले गर्भ बघून लिहिलेला. ही नलिका शरीराच्या खालच्या टोकाकडे वाढत जाते आणि आतड्याच्या शेवटच्या खोलगट भागाला जाऊन मिळते. तिथे पोचण्याच्या जरा अलीकडे तिला बाजूला एक कोंब फुटतो. पुढची सगळी गोष्ट या कोंबाची आहे.

कोंब शेजारच्या पेशींच्या एका पुंजक्यात शिरतो. कोंबापासून मूत्रवाहिनी, किडनीच्या आतलं पसरट तोंड आणि लघवी गोळा करणाऱ्या बारीक नळ्या होतात. पुंजक्यापासून प्रत्यक्ष गाळणारे भाग होतात, म्हणजे नेफ्रॉन. दोघांपैकी एकालाही एकट्याने किडनी करता येत नाही. क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी 1950 च्या दशकात उंदराच्या गर्भातले हे दोन भाग वेगळे करून काचेच्या ताटलीत वाढवून पाहिले. पुंजका एकटा ठेवला तर मरायचा, कोंब एकटा ठेवला तर त्याला फांद्या फुटायच्या नाहीत. पुन्हा शेजारी ठेवले की नळ्या तयार व्हायला लागायच्या.

ते एकमेकांना नेमकं काय सांगतात हे कळायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. पुंजक्यातल्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. वोल्फ नलिकेच्या पेशींवर ते ओळखून पकडणारा रेट नावाचा ग्राहक रेणू असतो. प्रथिन पोचलं की तिथेच कोंब फुटतो, आणि तोही त्या प्रथिनाच्या दिशेने. 1996 मध्ये संशोधकांच्या तीन वेगवेगळ्या गटांनी जीडीएनएफचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना किडन्या नव्हत्या, आणि आतड्याच्या भिंतीतलं नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, जाळंही नव्हतं. ही जोडी मला अजूनही थक्क करते, कारण जन्मतः आतड्याच्या शेवटच्या भागात नसा नसलेली, पोट फुगलेली, शी न होणारी बाळं आमच्याच वॉर्डात असतात. हर्शस्प्रुंग म्हणतात त्या आजाराला, आणि त्यात ज्या जनुकात सर्वाधिक दोष सापडतात ते हेच, रेट. एकच निरोप शरीर दोन ठिकाणी वापरतं.

आता फांद्या. आत शिरलेल्या कोंबाला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला आणखी दोन, असं पंधराएक वेळा. सुरुवातीचे फाटे एकमेकांत मिसळून रुंद होतात आणि किडनीचं आतलं तोंड बनवतात. तुमच्या रिपोर्टातले 5 मिमी मोजले गेले ते याच तोंडापाशी. नंतरचे फाटे बारीकच राहतात. प्रत्येक टोकाशी पुंजक्यातल्या पेशी टोपीसारख्या जमतात, त्यांची एक पोकळ गोळी होते, ती लांबते, वळते, तिच्या एका टोकाला केशवाहिन्यांचा गुच्छ शिरतो आणि दुसरं टोक फाट्याला जोडलं जातं. झाला एक नेफ्रॉन. असे एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. पण माणसामाणसांत यात दहापटीपर्यंत फरक असतो आणि कुणालाच आपला आकडा माहीत नसतो.

हे काम साधारण 34 ते 36 आठवड्यांपर्यंत चालतं. हा आकडा फाइलवरच्या मोजणीतला, आणि तो तुमच्या कामाचा आहे. त्यानंतर नवा नेफ्रॉन होत नाही, असलेले फक्त मोठे होतात. म्हणजे किडनी कुठे आहे हे बाळाचं ठरून गेलंय, पण तिच्यात गाळण्या किती, याची मोजणी अजून सुरू आहे. तिथे तुमच्या हातात थोडं तरी आहे : बाळंतपण शक्यतो पूर्ण दिवसांचं होणं, तुमचं बीपी आणि साखर आटोक्यात असणं, बाळाचं वजन नीट वाढणं. आणि कंबरदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायच्या नाहीत. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी बाळाची लघवी आणि त्यामुळे गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असा होतो, त्याही गरोदरपणात चालत नाहीत.

तुमच्या बाळाचा मुख्य मुद्दा म्हणजे वर जाणं. सहाव्या ते नवव्या आठवड्यात किडन्या ओटीपोटातून कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला पोचतात. त्या स्वतः चालत जातात असं नाही. गर्भाचा खालचा भाग भराभर लांब होतो, वाकलेलं शरीर सरळ होतं, आणि त्या ओघात किडनी मागे न राहता वर सरकते. जाताना ती नव्वद अंशांत फिरते. तिचं तोंड आधी पुढे, पोटाकडे असतं. वर पोचेपर्यंत ते मधल्या रेषेकडे वळलेलं असतं.

रक्तपुरवठ्याचं त्याहून मजेशीर. खाली असताना तिला पायांकडे जाणाऱ्या रोहिणीच्या फाट्यांतून रक्त मिळतं. वर सरकली की महारोहिणीतून नवी शाखा, अजून वर सरकली की आणखी नवी, आणि खालच्या जुन्या शाखा बंद. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या माणसासारखं, दर मुक्कामी नवं नळकनेक्शन घ्यायचं आणि मागचं तोडायचं. काही वेळा मागचं तोडायचं राहून जातं. शंभरातल्या पंचवीस-तीस माणसांना एखादी जास्तीची किडनीची रोहिणी असते, ती अशी राहिलेली. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. क्वचित ती नेमकी मूत्रवाहिनीच्या सुरुवातीवरून आडवी जाते, तिथे लघवी अडते, आणि मग दहा-बारा वर्षांचं पोर अधूनमधून कुशीत कळ येते, उलट्या होतात म्हणून आमच्याकडे येतं.

वर जाण्यात अडचण आली की काय होतं, याचे दोन नमुने मुख्य. एक म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची किडनी : खाली असतानाच दोन्ही किडन्यांची खालची टोकं एकमेकांना चिकटतात, जोडी एकत्र वर निघते आणि आतड्याच्या खालच्या रोहिणीला अडकून तिथेच थांबते. साधारण 400-500 माणसांत एकाला असते. दुसरा तुमच्या बाळाचा, किडनी ओटीपोटातच राहणं. दोन ते तीन हजारांत एक असं त्याचं प्रमाण धरतात, डाव्या बाजूला किंचित जास्त. कित्येकांना पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केल्यावर चाळिशीत कळतं. तुमच्या बाळाचं पोटात असतानाच कळलं, एवढाच काय तो फरक.

तुमच्या सोनोलॉजिस्टचं इथे कौतुक करते. किडनी वर आली नाही तरी तिच्यावर बसणारी अधिवृक्क ग्रंथी तिच्या जागी असतेच, कारण ती वेगळी तयार होते. खाली टेकायला किडनी नसल्याने ती टोपीसारखी न राहता लांब, आडवी पडते, आणि घाईत बघणाऱ्याला तीच किडनी वाटते. असे ‘दोन्ही किडन्या नॉर्मल’ लिहिलेले रिपोर्ट पुढे बदलावे लागतात. याच्या उलटही होतं, वरची जागा रिकामी दिसते आणि ‘एक किडनी नाही’ असं लिहून मोकळं होतात, खाली ओटीपोटात कुणी बघतच नाही. तुमच्याकडे दोन्ही नीट झालंय.

आता ऑपरेशन करून वर बसवण्याबद्दल. नाही, आणि तशी गरजही नाही. दुसऱ्या कारणाने पोट उघडल्यावर मी अशा किडन्या पाहिल्या आहेत. नेहमीसारखी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची नसते, जरा चपटी असते. तोंड पुढे वळलेलं. रक्तवाहिनी एक जाड अशी नसते. दोन-तीन आखूड, बारीक वाहिन्या जवळच्या रोहिण्यांतून निघून थेट तिच्यात शिरलेल्या असतात. मूत्रवाहिनीही आखूड, कारण पिशवी शेजारीच. अशी किडनी ओढून वर नेणं म्हणजे तिचं रक्त तोडणं. आणि एक गोष्ट सांगते, ती ऐकून बरेच आईबाप निवांत होतात. किडनी प्रत्यारोपणात नवी किडनी जुन्या जागी बसवतच नाहीत. ती खाली, मांडीच्या वरच्या खळग्यात ठेवतात आणि पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तिथे ती वर्षानुवर्षं उत्तम चालते. किडनीला पत्त्याशी देणंघेणं नाही. रक्त यायला हवं आणि लघवी विनाअडथळा खाली जायला हवी.

पण हे दुसरं, लघवी खाली जाणं, कशावर ठरतं? इथे पुन्हा तो कोंब येतो, आणि मूत्रमार्गाच्या बहुतेक जन्मजात तक्रारींची मुळं इथेच सापडतात. आतड्याचा तो शेवटचा खोलगट भाग सातव्या आठवड्यापर्यंत एका पडद्याने दोन कप्प्यांत विभागला जातो. मागचा कप्पा गुदाशयाचा, पुढचा लघवीच्या पिशवीचा. वोल्फ नलिकेचा शेवट पुढच्या कप्प्याच्या भिंतीत मुरतो, मूत्रवाहिनी तिच्यापासून सुटी होते आणि पिशवीत स्वतःच्या वेगळ्या तोंडाने उघडते. कोंब नलिकेवर नेमक्या जागी फुटला असेल तर मूत्रवाहिनी पिशवीच्या भिंतीतून तिरकी, बरंच अंतर आतून जाते. पिशवी भरली की ती दाबली जाऊन लघवी परत वर चढत नाही. कोंब जरा इकडेतिकडे फुटला की हे अंतर कमी पडतं आणि लघवी उलट चढते. फारच भलतीकडे फुटला तर आतला पुंजका नीट सापडत नाही, आणि किडनी लहान, कच्ची राहते. खराब किडनी आणि चुकीच्या जागी उघडणारी मूत्रवाहिनी एकाच मुलात इतक्या वेळा का दिसतात, हे यावरून कळतं.

कोंब दोन फुटले तर एका बाजूला दोन मूत्रवाहिन्या होतात. यात वरच्या अर्ध्या किडनीची नळी पिशवीत खाली उघडते आणि खालच्या अर्ध्याची वर, हा ठरलेला उलटा नियम आहे. मुलींमध्ये ती वरच्या भागाची नळी कधी इतकी खाली जाते, की लघवी रोखणाऱ्या स्नायूच्याही पलीकडे उघडते. अशी मुलगी ओपीडीत आली की ओळखू येते. पाच-सहा वर्षांची, शाळेत व्यवस्थित बाथरूमला जाणारी, तरी चड्डी दिवसभर ओलसर. आई सांगते, ‘मॅडम, कितीही वेळा जाऊन आली तरी ओलीच.’ तोपर्यंत तिला आळशी म्हणून रागावून झालेलं असतं, जंताचं औषध देऊन झालेलं असतं, कुणी कुणी मानसोपचारही सुचवलेले असतात. मुलांमध्ये ही नळी त्या स्नायूच्या वरच उघडते, म्हणून मुलगे असे ओले राहत नाहीत. तुमच्या बाळाशी याचा काही संबंध नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी मुलगी असेल तर तिला ओरडू नका, सोनोग्राफी करा.

याच भागातला सर्वांत गंभीर दोष म्हणजे पिशवीच्या खाली, लघवीच्या मार्गातच पडदा असणं. तिथे दोन्ही किडन्या फुगतात, पिशवी जाड आणि कायम भरलेली दिसते, गर्भजल कमी होतं. हा पडदा फक्त मुलग्यांत असतो, त्यामुळे आपल्याकडे बोलताना अवघड होऊन बसतं. लिंगनिदानाला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणून रिपोर्टात ‘पिशवीच्या तोंडाशी अडथळ्याची शंका’ एवढंच लिहायचं आणि बाकी मोघम बोलायचं, ही कसरत आम्ही करत असतो. तुमच्या बाळाची पिशवी भरते आणि रिकामी होते, पाणी पुरेसं आहे. म्हणजे हा प्रश्न तुमचा नाही.

गर्भजलाला इतकं महत्त्व का, हेही सांगते, कारण तुम्ही विचारलंय की ‘बाळाच्या रक्तातली घाण आता कोण काढतंय?’ ती वार (प्लासेंटा) काढते. पोटातल्या बाळाच्या किडनीवर सफाईचं काम नसतंच. तिचं काम पाणी करण्याचं. साधारण सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी, आणि बाळाची फुफ्फुसं नीट वाढायला ते पाणी लागतं. दोन्ही किडन्या नसलेली बाळं जन्मल्यावर दगावतात ती फुफ्फुसं न वाढल्यामुळे. एडिथ पॉटर यांनी 1946 मध्ये अशा बाळांच्या चेहऱ्याचं आणि अवयवांचं वर्णन केलं, आणि आजही ते लक्षण त्यांच्याच नावाने ओळखतात. सांगायचा मुद्दा असा, की तुमच्या बाळाचं पाणी पुरेसं आहे म्हणजे किडनीचं काम चालू आहे.

आता ग्रहणाचं. डाव्या किडनीचं वर जाणं व्हायचं होतं ते गर्भाच्या सहाव्या ते नवव्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या फाइलवर आठव्या ते अकराव्या आठवड्यात. तिसरा महिना संपण्याआधीच किडनी कुठे राहणार ते ठरलं होतं. ग्रहण चौथ्या महिन्यात. घरच्यांना शास्त्र पटत नसेल तर तारखा दाखवा, कॅलेंडर सगळ्यांनाच वाचता येतं. ग्रहणाने आधीच्या आठवड्यांतही काही झालं नसतं, हे माझं मत वेगळं सांगायला नको. पण तुम्ही सांगितलेल्या तारखांतच तुमच्यावरचा आरोप टिकत नाही.

मग कारण काय? बहुतेक एकट्यादुकट्या केसमध्ये बोट दाखवावं असं कारण सापडत नाही, आणि मी ते ओढूनताणून सांगत नाही. काही गोष्टी मात्र विचारते. गरोदर राहण्याच्या सुमारास साखर खूप वाढलेली होती का? आधीपासूनचा, आटोक्यात नसलेला मधुमेह किडनी आणि मणक्याच्या दोषांचा धोका वाढवतो. सहाव्या-सातव्या महिन्यात निघालेली गरोदरपणाची साखर इथे लागू नाही, तोवर रचना होऊन गेलेली असते. घरात कुणाला एकच किडनी, लहानपणापासून ऐकू न येणं, कानापुढे जन्मापासूनचं बारीक छिद्र, किंवा तरुणपणीच मधुमेह आणि किडनीत पाण्याच्या गाठी, असं आहे का? ही जनुकीय कुटुंबं ओळखण्याची साधी चिन्हं आहेत. यातलं काही असेल तर जनुकतज्ज्ञाकडे जा. नसेल तर तुम्हा दोघांची एक साधी पोटाची सोनोग्राफी करून घ्या, मी सुचवतेच. कधीकधी वडिलांचीच एक किडनी खाली सापडते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

‘पुढचं कसं होणार’ हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या आज पूर्ण सांगता येत नाहीत. डाव्या किडनीचा गर चांगला आहे की ती बारीक आणि गाठींची आहे. उजवी पुढे फुगते की तशीच राहते. आणि बाळाला सोबत दुसरा काही दोष आहे का. तिसऱ्याबद्दल तुमचा रिपोर्ट चांगला आहे. हृदय, मणका ठीक आहेच. नाळेतल्या रक्तवाहिन्या तीन आहेत की दोन, हे बघितलेलं नसेल तर पुढच्या वेळी बघायला सांगा. नातेवाइकांपैकी कुणी ‘दिवस आहेत तोवर काढून टाका’ म्हणत असतील तर स्पष्ट सांगते, तुम्ही लिहिलंय त्या चित्रात तसा विचार करण्याजोगं काही नाही.

उजव्या किडनीचे 5 मिमी. 28 आठवड्यांच्या आधी 4 मिमीच्या आत नॉर्मल धरतात, 4 ते 7 च्या दरम्यान सौम्य, 7 आणि पुढे असेल तर जास्त लक्ष. 28 आठवड्यांनंतर हेच आकडे 7 आणि 10 होतात. म्हणजे तुमचं आज सौम्य गटात बसतं, आणि असं पाणी बऱ्याच बाळांत आपोआप ओसरतं. 32 आठवड्यांच्या आसपास पुन्हा सोनोग्राफी करा. 7 च्या आत असेल तर मला काळजी नाही. दर पंधरा दिवसांनी करू नका. मिलिमीटर इकडचा तिकडे होतच असतो, आणि प्रत्येक वेळी तुमची झोप उडते.

जन्मानंतर बाळ रडलं, प्यायलं, चोवीस तासांत लघवी केली की घाई काही नाही. पहिली सोनोग्राफी 48 तास उलटल्यावर. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या अंगात पाणी कमी असतं, लघवी कमी होते, आणि फुगलेली किडनीही बरी दिसते. ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलेली आणि नंतर तापाने फणफणत परत आलेली बाळं अशाच लवकर केलेल्या सोनोग्राफीतली असतात. त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. डावी किडनी किती काम करते हे बघायला डीएमएसए स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर करतात. पिशवीत नळी घालून औषध सोडून काढायचा एक्स-रे, ज्याला आम्ही एमसीयू म्हणतो, तो सगळ्यांना करावा की नाही यावर आमच्यात एकमत नाही. खाली राहिलेल्या किडनीत लघवी उलट चढण्याचं प्रमाण जास्त असतं, हे खरं. तरी मी मूत्रवाहिनी फुगलेली असेल किंवा तापासह लघवीचा संसर्ग झाला असेल, तरच करते. बाळाला त्रास होतो आणि नळीतूनच संसर्ग जाण्याची शक्यताही असते. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर ते चूक आहेत असं नाही, त्यांनी बाळ हातात घेऊन पाहिलेलं असेल.

घरी लक्षात ठेवायचं एकच : पहिल्या वर्षात सर्दी-खोकला काही नसताना ताप आला, तर औषध सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर. अँटिबायोटिकचा एक डोस पोटात गेल्यावर पाठवलेल्या नमुन्यातून काही कळत नाही.

बाळ मुलगी असेल तर अजून एक गोष्ट, आत्ता नाही, दहा-अकरा वर्षांनी. गर्भाशय ज्या नलिकांपासून होतं त्या वोल्फ नलिकेच्या शेजारून, तिच्याच आधाराने खाली वाढतात. म्हणून एका बाजूची किडनी नसेल किंवा खाली असेल तर त्या मुलींमध्ये गर्भाशयाच्या रचनेत फरक असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास एकदा ओटीपोटाची सोनोग्राफी करून ठेवावी. नाहीतर पाळीचं रक्त एका बाजूला साठून दर महिन्याला असह्य दुखतं, आणि ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून दुर्लक्ष होतं.

खेळावर बंदी वगैरे मी घालत नाही. खालच्या किडनीला बरगड्यांचा आडोसा नसतो, म्हणून कुस्ती, कराटेसारख्या खेळात मार कुठे लागतो याचा विचार करावा, एवढंच. सायकल, पोहणं, क्रिकेट बिनधास्त. आणि एक काम आत्ताच करून ठेवा : ‘डावी किडनी ओटीपोटात’ असं लिहिलेल्या रिपोर्टाची झेरॉक्स बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात घालून ठेवा. पुढे कधी पोटात दुखलं आणि नव्या डॉक्टरांच्या हाताला ओटीपोटात गोळा लागला, तर तो किडनीचा आहे हे त्यांना पहिल्या मिनिटात कळायला हवं.